ड्रम किट सेव्ह केलं, म्हणजे नेमकं काय सेव्ह केलं?

शोधनिबंधाची चिकित्सा कशी करायची हे आपल्याला कोणी ना कोणी शिकवतं. जर्नल क्लब असतो, गाईड असतात, एखादा सीनियर असतो जो आकृती दोनवर बोट ठेवून विचारतो, 'हे कशावरून?' पण ज्या यंत्रातून आपला डेटा बाहेर पडतो, त्याची चिकित्सा करायला फारसं कुणी सांगत नाही. यंत्र वापरायचं असतं आणि मॅन्युअल अडलं तरच उघडायचं असतं. म्हणून आज निबंध बाजूला ठेवू आणि एका यंत्राचं एक पान वाचू. निबंध वाचतो तसंच वाचायचं: यामागचं गृहीतक काय, ते कुठवर चालतं, आणि करणाऱ्याने न सांगितलेलं असं त्यात काय आहे.

यंत्र म्हणजे कॉर्ग या जपानी कंपनीचा ट्रायटन, १९९९ साली आलेला कीबोर्ड सिंथेसायझर. पान म्हणजे त्याच्या पडद्यावरचं ड्रम किट एडिट करण्याचं पान.

यंत्र जुनं आहे, मान्य. मुद्दाम जुनंच घेतलंय. नव्या यंत्रात आतली रचना चकचकीत पडद्यामागे लपलेली असते, जुन्यात ती उघडी दिसते. शिवाय माझा स्वतःचा विषय तालवाद्यांचा ध्वनी आहे. श्रवणचाचणीसाठी आवाज तयार करायचे असले की असा कीबोर्ड फार सोयीचा वाटतो. पट्टी दाबली की 'ना' वाजतो, किती जोरात दाबली त्याचा आकडा मिळतो, शंभर वेळा दाबली तरी तबलजी दमत नाही. प्रयोग करणाऱ्याला अजून काय हवं? तुमच्यापैकी जे मानसशास्त्रात, भाषाविज्ञानात किंवा सिग्नल प्रोसेसिंगमध्ये जाणार आहेत, त्यांच्यासमोर असं तयार, आज्ञाधारक यंत्र कधी ना कधी येणारच. माझं म्हणणं एवढंच, की त्याला 'उद्दीपक बनवायचं साधन' म्हणून प्रयोगात घेण्याआधी त्याचं एडिट आणि सेव्ह काय करतं ते वाचा. दोन्ही शब्द दिसतात तितके सरळ नाहीत.

आधी रचना, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

ट्रायटनमध्ये ड्रमचा आवाज तीन थरांतून तुमच्या कानापर्यंत येतो. सगळ्यात खाली सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्यावर कुणीतरी केलेल्या एका आघाताचं ध्वनिमुद्रण. यंत्राच्या रॉममध्ये ड्रमची अशी चारशेच्या वर सॅम्पल्स कारखान्यातूनच भरलेली येतात. त्याच्यावर ड्रम किट: कुठल्या पट्टीवर कुठलं सॅम्पल, किती मोठं, किती स्वर वर-खाली, किती लवकर विरणार, याचा तक्ता. आणि सगळ्यात वर प्रोग्रॅम, म्हणजे फिल्टर, एन्व्हलप, इफेक्ट वगैरे. किट स्वतः होऊन वाजत नाही, ते प्रोग्रॅममधून वाजतं. त्यामुळे किट एडिट करायचं असेल तर आधी प्रोग्रॅम मोडमध्ये जाऊन ड्रमचा एखादा प्रोग्रॅम निवडून ठेवायचा, मग ग्लोबल मोडमध्ये जाऊन किट उघडायचं. तुम्ही जे ऐकता ते त्या प्रोग्रॅमच्या गाळणीतून आलेलं असतं.

याचा पहिला परिणाम बघा. किटमध्ये प्रत्येक पट्टीला कटऑफ आणि डिके यांचे आकडे देता येतात. पण हे आकडे स्वतंत्र नाहीत. प्रोग्रॅममध्ये जो आकडा आहे त्यात ते मिळवले किंवा वजा केले जातात. म्हणजे 'कटऑफ अधिक दहा' हे वाचून काहीच कळत नाही. कशात अधिक दहा? वहीत 'तापमान: कालच्यापेक्षा दोन अंश जास्त' असं लिहावं आणि कालचं पान दुसऱ्याच कपाटात असावं, तसलं हे प्रकरण आहे. तेच किट दुसऱ्या प्रोग्रॅममधून वाजवलं की वेगळं वाजतं, आणि यात यंत्राची काही चूक नसते. ते सांगितल्याप्रमाणेच वागत असतं.

आता पट्टीला काय काय देता येतं ते पाहू. दोन सॅम्पल्स देता येतात, एक हळू आघातासाठी आणि एक जोरदार आघातासाठी, आणि कितव्या वेगाला पहिलं सोडून दुसरं घ्यायचं त्याची सीमा. मग पट्टीचा स्वर, आवाजाची पातळी, आवाज चढण्याचा आणि विरण्याचा काळ, फिल्टर, डावं-उजवं, आणि 'एक्सक्लुझिव्ह ग्रुप' नावाचा एक रकाना. एवढंच. माझ्या मते ही रकान्यांची यादी म्हणजेच या यंत्राचा ड्रमविषयीचा सिद्धांत आहे. ज्याला रकाना आहे ते बदलू शकतं. ज्याला रकाना नाही ते ड्रममध्ये नसतंच, असं यंत्राने ठरवून टाकलेलं आहे.

सिद्धांत काय म्हणतो? ड्रम ही एक वस्तू. तिच्यावर एक आघात झाला की एक घटना पूर्ण झाली. आघात कमी-जास्त जोराचे असतात. एक आघात दुसऱ्याला सहसा ओळखत नाही.

पाश्चात्त्य ड्रमसेटसाठी हे बऱ्यापैकी चालतं. बेस ड्रम, स्नेअर, टॉम, झांजा या खरंच वेगवेगळ्या वस्तू आहेत, काठी कातड्याला लागते आणि उडून परत येते. अपवाद हायहॅटचा. पायाने उघडझाप होणारी ती झांजांची जोडी एकच असते, पण कीबोर्डवर बंद हायहॅट एका पट्टीवर आणि उघडी हायहॅट दुसऱ्या पट्टीवर. उघडी झणझणत असताना बंद वाजवली तर आधीचा झणकार तिथेच तुटायला हवा. तेवढ्यासाठी तो एक्सक्लुझिव्ह ग्रुपचा रकाना: एकाच ग्रुपमधल्या पट्ट्या एकमेकींना गप्प करतात. मला हा या पानावरचा सगळ्यात शहाणा रकाना वाटतो. दोन पट्ट्यांमागे वस्तू एकच आहे, ही गोष्ट संपूर्ण पानावर फक्त इथे मान्य केलेली आहे.

थोडं विषयांतर. हा सिद्धांत कॉर्गचा एकट्याचा नाही. १९९१ मध्ये जनरल मिडी नावाचं मानक आलं आणि त्याने दहाव्या चॅनेलवर ३५ ते ८१ या क्रमांकांना एकेक तालवाद्य नेमून दिलं. ४७ आवाज. ४२ म्हणजे बंद हायहॅट, ४६ म्हणजे उघडी, अशी ती घरवाटणी. त्यात बोंगो आहेत, कोंगा आहेत, ब्राझीलची कुईकासुद्धा आहे, दोन दोन ट्रँगल आहेत. तबला, मृदंग, ढोलकी यांपैकी काही नाही. यावर आपल्याकडे लगेच 'बघा, आपल्याला वगळलं' असा सूर लागतो. मला त्याचं तेवढं वाटत नाही. यादी वाढवता येते, आणि ट्रायटनच्या रॉममध्ये तबल्याची सॅम्पल्स दिलेलीही आहेत. अडचण यादीत नाही, रकान्यांत आहे. तबला त्या रकान्यांत बसवला की काय होतं ते बघू, म्हणजे मुद्दा कळेल.

तबल्याच्या पुडीवर तीन भाग: काठाला चाट, मग लव, मध्ये शाई. 'ना' वाजवताना पहिलं बोट चाटेवर पडतं आणि त्याच वेळी अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते. ते टेकलेलं बोट पुडीचं सगळ्यात खालचं कंपन दाबून टाकतं. म्हणजे 'ना' हा आवाज जसा मारणाऱ्या बोटाचा, तसाच न मारणाऱ्या बोटाचाही. साध्या, सारख्या ताणलेल्या गोल पडद्याची कंपनं एकमेकांशी १, १.५९, २.१४, २.३० अशा ओबडधोबड प्रमाणात असतात, म्हणून साध्या ढोलाला नेमका स्वर नसतो. तबल्याची शाई मधलं वजन वाढवून ही प्रमाणं जवळजवळ पूर्णांकांवर आणून बसवते. हे सी. व्ही. रामन यांनी दाखवलं. आधी १९२० मध्ये एस. कुमार यांच्याबरोबर 'नेचर'मधल्या एका छोट्या टिपणात आणि मग १९३४ मध्ये भारतीय तालवाद्यांवरच्या निबंधात. नऊ कंपनप्रकार मिळून पाच स्वरसंवादी गट होतात, हा त्यातला गाभा. संशोधनात येणाऱ्यांनी १९३४ चा निबंध जरूर वाचावा. किती साध्या साधनांवर माणूस कुठवर पोचतो ते त्यात दिसतं.

आता 'ना' वाजून पुडी अजून थरथरतेय आणि तुम्ही 'ते' वाजवलात, बोटं शाईवर पडून तिथेच थांबली. थरथर थांबली. इथपर्यंत एक्सक्लुझिव्ह ग्रुप कामाला येतो. 'ना' आणि 'ते' एका ग्रुपमध्ये टाका, डग्ग्याचे 'घे' आणि 'क' दुसऱ्या ग्रुपमध्ये. उजव्या हाताने डाव्याचा आवाज तुटत नाही, फार छान. हायहॅटसाठी केलेली युक्ती तबल्यालाही लागू पडते, आणि ज्याने कुणी हा रकाना दिला त्याला यासाठी दाद द्यायला हवी. पण पुढे 'ना ना' आलं की गाडी अडते. खऱ्या तबल्यावर दुसरा 'ना' आधीच हलत असलेल्या पुडीवर पडतो. ग्रुपमध्ये तो पहिल्याचा गळा धरतो आणि पहिल्यापासून सुरू होतो. ग्रुपबाहेर ठेवला तर दोन सॅम्पल्स एकमेकांवर वाजतात, म्हणजे दोन तबले. 'एकच पुडी, दोन आघात' यासाठी रकाना नाही.

आणि डग्ग्याचा तो घुमारा, मनगट सरकवून काढलेला? सॅम्पलमध्ये एक ठरावीक घुमारा मुद्रित करून ठेवता येतो, तोच पुन्हा पुन्हा वाजतो. हाताने बदलायचा म्हटला तर पिच बेंडची दांडी आहे, पण मिडीमध्ये पिच बेंड हा संदेश संपूर्ण चॅनेलला जातो, एकेका पट्टीला नाही. तबला आणि डग्गा एकाच चॅनेलवर असतील तर डग्गा वाकवताना तबल्याचा स्वरही वाकायला बघतो. (२०१८ मध्ये आलेल्या एमपीई या पद्धतीत प्रत्येक स्वराला आपापला चॅनेल मिळतो आणि २०२० च्या मिडी २.० मध्ये स्वरागणिक नियंत्रणाची सोय आहे. म्हणजे अडचण ओळखली गेली, पण १९८३ च्या मूळ मिडीनंतर पस्तीस वर्षांनी.)

वादकाला या सगळ्याने फारसं बिघडत नाही, हेही सांगून टाकते. आपल्याकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर किंवा पॅडवर ढोलकी वाजते आणि लोक नाचतात. वादक यंत्राची मर्यादा ओळखून तिच्या आतून रस्ता काढतो. बिघडतं ते आपल्यासारख्यांचं, जे त्या आवाजावर मोजमाप करतात.

समजा तुम्हाला बघायचंय की आघाताचा जोर वाढला की आवाजाचा 'उजळपणा' किती वाढतो. उजळपणा मोजायला स्पेक्ट्रल सेंट्रॉइड काढतात. वर्णपटाचा गुरुत्वमध्य म्हणा हवं तर. कीबोर्डला मिडीने १ ते १२७ वेग पाठवले, प्रत्येकाचा आवाज मुद्रित केला, आलेख काढला. आलेख हळूहळू चढतो आणि एका वेगाला एकदम उडी मारतो. ही उडी काय? पुडीचं ताण-वर्तन? कानाला जाणवणारा एखादा उंबरठा? काही नाही, किटमध्ये त्या वेगावर हळू सॅम्पल संपून जोरदार सॅम्पल सुरू होतं. उडीच्या अलीकडचा हळू चढही बहुतेक प्रोग्रॅममधला फिल्टर वेगाबरोबर उघडतोय त्याचाच. संपूर्ण आलेख यंत्राचा आहे, वाद्याची त्यावर दोनच टोकं: दोन मुद्रित आघात. हा आलेख तुम्ही एखाद्या परिषदेत दाखवलात आणि श्रोत्यांत कीबोर्ड वाजवणारं कोणी नसलं, तर टाळ्यासुद्धा पडतील.

स्वर बदलण्याचंही तसंच. सॅम्पल खाली उतरवायचं म्हणजे ते सावकाश वाजवायचं. अर्धस्वर खाली म्हणजे सुमारे १.०६ पट सावकाश, पूर्ण सप्तक खाली म्हणजे दुप्पट. ०.४ सेकंदांत विरणारा 'ना' सप्तक खाली ०.८ सेकंद टिकतो, आणि बोटाचा 'टक्' हादेखील तेवढाच खाली येतो. खरा तबला हातोडीने गठ्ठे ठोकून उतरवा. स्वर उतरेल, पण बोट तेच राहतं आणि लाकडी खोडही तेच राहतं, त्यामुळे सगळं एकाच प्रमाणात ताणलं जात नाही. ट्रायटनमध्ये तर हे न सांगताही घडतं. किटमधल्या पट्टीला 'असाइन'ची खूण नसेल तर ती गप्प बसत नाही. ती उजवीकडच्या पट्टीचं सॅम्पल अर्धस्वर खाली वाजवते. टॉमसाठी ही सोय झकास: एक टॉम ठेवा, डावीकडच्या चार पट्ट्या मोकळ्या सोडा, उतरत्या टॉमची रांग तयार. पण तुम्ही समजत असाल की रिकामी पट्टी रिकामी आहे, तर ती तशी नाही.

हे झालं एडिटचं. आता सेव्ह. खरी तक्रार इथे आहे.

ट्रायटनवर प्रोग्रॅम एडिट करताना एक सभ्य व्यवस्था असते. बदल तात्पुरत्या जागेत होतात, कम्पेअरचं बटण दाबलं की मूळ आवाज ऐकू येतो, पुन्हा दाबलं की बदललेला. पटलं तर राइट करा, नाहीतर दुसरा प्रोग्रॅम निवडा, बदल गेले. प्रयोगवहीच्या दृष्टीने हे फारच चांगलं: मूळ आणि बदल शेजारी शेजारी. पण किट ग्लोबल मोडमध्ये राहतं आणि ग्लोबल मोडमध्ये कम्पेअर नाही. तिथे केलेला बदल यंत्र चालू असेपर्यंत राहतो. राइट केलात तर कायमचा, न करता यंत्र बंद केलंत तर गेला. मधल्या काळात मूळ किट कसं होतं ते ऐकायची सोय नाही. आधीच दुसऱ्या क्रमांकावर प्रत करून ठेवली असेल तरच. एकाच यंत्रात, एकाच आवाजाच्या दोन थरांना दोन वेगळे नियम, आणि पडद्यावर याची कुठे सूचना नाही. मॅन्युअलमध्ये आहे. मॅन्युअलमध्ये सगळंच असतं.

किट ग्लोबलमध्ये का ठेवलं असेल? १९८८ च्या कॉर्ग एम-१ मध्येही ड्रम किट ग्लोबल मोडमध्येच होतं, ट्यूनिंग आणि मिडीच्या सेटिंगच्या शेजारी. तेव्हा किटं अगदी मोजकी होती. माझा अंदाज असा, की जागा टंचाईची होती तेव्हा किट ही सार्वजनिक विहीर होती, सगळ्या प्रोग्रॅमांनी तिथूनच पाणी भरायचं. अकरा वर्षांनी विहिरी खूप वाढल्या, पण गावाबाहेरच राहिल्या.

सार्वजनिक विहिरीचा जो धोका तोच इथेही. एक किट अनेक प्रोग्रॅम वापरू शकतात, आणि किट बदललं की ते वापरणारे सगळे प्रोग्रॅम बदलतात. तुम्ही मंगळवारी प्रयोग 'ब'साठी स्नेअरचा डिके थोडा कमी केलात आणि राइट केलंत. सोमवारचा प्रयोग 'अ' वेगळ्याच प्रोग्रॅमवर होता, त्याला तुम्ही हातही लावलेला नाही. त्याचं नाव तेच, क्रमांक तोच, आकडे तेच. आवाज मात्र बदलला. कुठे नोंद नाही, तारीख नाही, 'हे किट आणखी तीन प्रोग्रॅम वापरतात' असा इशारा नाही. किटचं नाव लिहायला १६ अक्षरं मिळतात, इतिहासाला एकही नाही. 'मेमरी प्रोटेक्ट' नावाचं कुलूप आहे खरं, पण ते सरसकट सगळ्या किटांना लागतं, एकाला नाही. आणि काम करायचं तर ते उघडावंच लागतं.

प्रोग्रॅमिंग करणारे हे वाचून हसत असतील. दोन चलांनी एकाच वस्तूकडे बोट दाखवणं, एकातून बदललं की दुसऱ्यातही बदलणं, ही पायथनच्या पहिल्या महिन्यातली ठेच आहे. पण तुमच्या कोडमध्ये ते निदान वाचता येतं.

याहून नाजूक प्रकार स्वतः मुद्रित केलेल्या आवाजांचा. ट्रायटनमध्ये सॅम्पलिंग होतं, हे त्याचं मोठंच आकर्षण. माइक लावा, आपला तबला, आपली ढोलकी, आपली हलगी भरा आणि किटमध्ये पट्टीवर बसवा. रॉमच्या बंधनातून सुटका. पण हे मुद्रण जातं १६ मेगाबाइट रॅममध्ये, आणि यंत्र बंद केलं की ती रॅम कोरी होते. किट मात्र राहतं! किट वेगळ्या, टिकाऊ स्मृतीत आहे, ते तुम्ही इमानदारीने राइट केलेलं आहे. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केलं की तक्ता जागेवर: अमुक पट्टीवर रॅममधलं सॅम्पल क्रमांक अमुक, स्वर अमुक, पातळी अमुक. आणि त्या क्रमांकावर काहीही नाही. पत्ता शाबूत, घर नाही.

म्हणून सॅम्पल वेगळं सेव्ह करायचं. ट्रायटनला साडेतीन इंची फ्लॉपीची खाच होती, फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो म्हणजे सेकंदाला ९६ किलोबाइट. एका फ्लॉपीत पंधरा सेकंद. डिस्कवर फाइली पडतात त्याही वेगवेगळ्या: पीसीजी फाइलमध्ये प्रोग्रॅम आणि किट, केएसएफ फाइलमध्ये एकेका सॅम्पलचा खरा ध्वनी, आणि केएससी फाइलमध्ये कुठली सॅम्पल्स लोड करायची त्यांची यादी. पीसीजी सेव्ह करताना किट घ्यायचं की नाही याची वेगळी खूण असते. मित्राकडून 'माझा ढोलकीचा सेट' म्हणून फक्त पीसीजी मिळाली असेल तर तुम्हाला ढोलकी मिळालेली नाही, ढोलकी कुठे होती याची चिठ्ठी मिळालेली आहे. त्यातही किट सॅम्पलला ओळखतं ते क्रमांकाने. रॅममध्ये आधीच दुसरं काही असताना तुमची सॅम्पल्स मागे जोडली गेली, क्रमांक सरकले, तर किटला त्या पत्त्यावर कुणीतरी भेटतं. फक्त ते दुसरंच कुणी असतं. आणि हे रिकाम्या पत्त्यापेक्षा वाईट, कारण आवाज येतो. शांतता लगेच कळते. ढोलकीच्या जागी थोडी वेगळी ढोलकी वाजली तर कळत नाही.

तुलनेसाठी जरा मागे जाऊ. १९८० च्या रोलंड टीआर-८०८ मध्ये ताल सेव्ह व्हायचा, आवाज नाही. आवाज म्हणजे समोरच्या खुंट्या जिथे फिरवून ठेवल्यात ते. गैरसोय उघड आहे, पण फसवणूक शून्य: यंत्राकडे बघितलं की आवाजाची स्थिती दिसते, फोटो काढला की नोंद झाली. त्याच वर्षीच्या लिन एलएम-१ मध्ये खऱ्या ड्रमची सॅम्पल्स चिपवर होती. आवाज बदलायचा तर चिप बदला. तिथेही 'आवाज कुठे आहे' याचं उत्तर बोटाने दाखवता येत होतं. ट्रायटनने दिलेली ताकद या दोघांपेक्षा कितीतरी जास्त, यात वाद नाही. पण आवाज कुठे आहे हे एका वाक्यात सांगता येण्याची सोय त्या ताकदीच्या बदल्यात गेली. माझ्या मते हा सौदा टाळता येण्यासारखा होता. 'हे किट कोण कोण वापरतं' अशी एक ओळ, आणि 'या किटची तीन सॅम्पल्स सापडली नाहीत' अशी दुसरी ओळ. संगणकाला हे जड नव्हतं. किटांच्या पानाची कल्पना ज्यांनी केली त्यांना ते लागेल असं वाटलं नाही. ते स्टेजवरच्या वादकासाठी लिहीत होते, ज्याचं यंत्र एक, सेट एक, आणि कान रोजचा. त्या वाचकासाठी पान चांगलं लिहिलेलं आहे. तुम्ही त्याचे वाचक नव्हता, आणि असं यंत्र प्रयोगात आणलं की अनाहूत वाचक होता.

मग वापरायचंच नाही का? जरूर वापरा. मी ज्या पद्धतीने वापरते ती सांगते, पटली तर घ्या. प्रत्येक प्रयोगाला स्वतंत्र किट क्रमांक, कारखान्याच्या किटला हात लावायचा नाही. वेगाची सीमा टोकाला नेऊन ठेवायची, म्हणजे संपूर्ण पल्ल्यात एकच सॅम्पल राहतं, आणि निबंधात स्पष्ट लिहायचं की जोर बदलला तेव्हा आघात बदलला नव्हता, फक्त पातळी बदलली. इफेक्ट बंद. न लागणाऱ्या पट्ट्यांवर असाइनची खूण करून पातळी तळाला, म्हणजे शेजारणीचा आवाज यायला नको. श्रोत्यांना ऐकवायचा तो कीबोर्ड कधीच नाही. त्यातून मुद्रित केलेली वेव्ह फाइल ऐकवायची, आणि उद्दीपक म्हणून जपून ठेवायची तीही तीच. किट हे त्या फाइलचं मूळ आहे, फाइल नव्हे.

आणि सेव्ह खरंच झालंय का, हे तपासायची एक साधी चाचणी. वेव्ह फाइल काढून झाली की यंत्र बंद करा, पूर्ण बंद. पुन्हा सुरू करा, सगळं डिस्कवरून लोड करा, तोच मिडी संदेश पाठवा, पुन्हा मुद्रित करा. दोन्ही फाइली संगणकावर नीट जुळवून एकीतून दुसरी वजा करा. शून्य येणार नाही. आवाज मध्ये अ‍ॅनालॉग होऊन आलेला आहे, थोडा खरखराट उरणारच. तो उरलेला आवाज वाढवून हेडफोनवर ऐका. नुसती सळसळ असेल तर पुढे चला. त्यात 'ना' ऐकू आला, तर ग्लोबल मोड उघडा आणि सॅम्पलचे क्रमांक एकेक करून ताडून बघा.